बॉयलरला गोत्र नव्हते

श्रावण लागला की बोईसर स्टेशनच्या बाहेर सकाळपासून वेदातला रुद्र सुरू होतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या दारात एक काळा स्पीकर ठेवलेला असतो. मागे सिंथेसायझर, मध्येच शंख, खाली लग्नातल्या बँडसारखा ठेका. गाणारा स्वर सरळ चुकवतो. कुठे आवाज चढवायचा, कुठे उतरवायचा याच्याशी त्याला देणेघेणे नसते. शेजारच्या गाडीवर वड्यांचे तेल तापत असते, रिक्षावाले ‘नवापूर नाका, नवापूर नाका’ म्हणून ओरडत असतात, रात्रपाळी संपवून आलेले कामगार झोपाळलेल्या डोळ्यांनी चहा पीत असतात. कुणी थांबत नाही. कुणी कान झाकत नाही. हे ऐकण्याचा तुला अधिकार आहे काय, असे कुणी कुणाला विचारत नाही.

याचा आनंद वाटायला हवा. राग येतो. एखादी गोष्ट मागणाऱ्याला पिढ्यानपिढ्या नाकारली आणि कुणी मागेनासे झाल्यावर रस्त्यावर ओतली, तर त्याला औदार्य म्हणत नाहीत. गोदाम रिकामे करणे म्हणतात.

दर श्रावणात त्या स्पीकरसमोरून जाताना एक जुना श्रावण आठवतो. ऐंशीच्या दशकातला. पालघर आणि बोईसरच्या बातम्या मुंबईच्या एका वर्तमानपत्राला पाठवायच्या, असे तेव्हाचे काम होते. रस्ते खचले, पूल वाहून गेला, कारखान्यात आग लागली, वाणगावला गाडी रखडली. पावसाळ्यात बातम्यांना तोटा नसे. सणांच्या बातम्या मात्र ठरलेल्या असत. नारळी पौर्णिमेची बातमी गेल्या वर्षीचीच काढून गावाची नावे बदलली तरी चालत असे. ‘उत्साहात साजरी’ हे शब्द मुंबईत छापखान्याचे खिळे जुळवून तयारच ठेवले असावेत, असे वाटे.

त्या श्रावणातला पहिला वास रंगाचा आहे. कुंभवलीच्या बाजूने औद्योगिक वसाहतीत शिरले की ओल्या मातीच्या वासावर आंबूस, घशात चढणारा एक वास बसलेला असे. रस्त्याकडेच्या गटाराचे पाणी कधी पिवळे असे, कधी तांबडे. भाताच्या खाचरांत बेडूक ओरडत असत. दुसरा वास मच्छीमारांच्या नवापूरचा. पावसाळ्यात तिथल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ताडाच्या झापांनी शाकारलेल्या असत. सण जवळ आला की झापा निघत, फळ्यांच्या सांध्यात कापूस भरला जाई, वर तेल चढे. माशांच्या तेलाचा तो उग्र, गरम वास वस्तीभर पसरला की समजायचे, आता दर्या उघडणार. या दोन वासांच्या मध्ये काही मैलांचे अंतर होते, आणि त्या अंतरात दिनकरभटांची सायकल ये-जा करत असे.

दिनकरभट तारापूर गावात राहत. उंच, सडपातळ, कानांवर पांढरे केस, हँडलला अडकवलेली छत्री. लहानपणी घाटावरच्या एका वेदपाठशाळेत त्यांनी संहिता मुखोद्गत केली होती. त्यांच्या आवाजाबद्दल खोटे लिहिता येणार नाही. तो आवाज खर्जात सुरू होई, एका अक्षरावर किंचित वर उचलला जाई, पुढच्या अक्षरावर खाली बसे, आणि त्याबरोबर उजव्या हाताचा पंजा वर-खाली फिरे. शब्दांचा अर्थ न कळणाराही त्या आवाजापुढे गप्प बसे.

या सूक्तांबद्दल एक गोष्ट आधीच नोंदवायला हवी, नाहीतर रागाला अर्थ उरणार नाही. ती सुंदर आहेत. लिपी हाताशी नव्हती तेव्हा माणसांनी ती घशात जपली. शब्द सुटे करून म्हटले, जोडून म्हटले, पुढे-मागे फिरवून म्हटले, म्हणजे एक मात्रासुद्धा गळू नये. पहाटेवर, नदीवर, आगीवर, पाण्यावर, जुगारात सर्वस्व हरलेल्या माणसावर त्यात सूक्ते आहेत. काही सूक्ते स्त्रियांची आहेत, असे परंपराच सांगते. पावसाने जागे होऊन एका सुरात ओरडणाऱ्या बेडकांवरही एक सूक्त आहे, आणि त्यांची तुलना गुरूमागून पाठ म्हणणाऱ्या शिष्यांशी केलेली आहे. ज्याने ते रचले त्याला हसू येत होते, हे इतक्या काळानंतरही कळते.

बेडकांना वेदात जागा मिळाली. नवापूरला मिळाली नाही.

महाराष्ट्रात याची एक व्यवस्थित सोय करून ठेवलेली आहे. पूजा तीच, भटजी तेच, नारळ-सुपारी तीच; यजमान पाहून मंत्र बदलतो. वरच्या जातीचा यजमान असला तर वेदोक्त, म्हणजे वेदातली सूक्ते. इतरांना पुराणोक्त, म्हणजे नंतरच्या काळातले साधे श्लोक. भांडण होत नाही, कारण समोरच्याला कळतच नाही. त्याला दोन्ही संस्कृतच वाटते. हात जोडून तो बसून राहतो आणि शेवटी पाया पडतो. डोंगरातल्या पाड्यांवर भटजी जातच नसत. तिथली माणसे आपल्या देवांना आपल्या भाषेत बोलावत. फसवणुकीपुरते तरी ती सुखी होती.

हिंदू म्हणून घरोघर जे चालते त्यात वेद किती असतो, हे पाहण्यासारखे आहे. नवस, जत्रा, आरती, सत्यनारायण, भजन यांत तो जवळपास नसतो. आणि तरी शेवटचा मान त्यालाच. घरात कधी न राहणाऱ्या मालकाच्या नावावर घर असावे, तसा. ज्यांनी घर सारवले, शाकारले, त्यात देव बसवले, त्यांना मालकाचा चेहराही पाहायला मिळाला नव्हता.

त्या वर्षी आषाढात वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात नवा बॉयलर बसला. मालकांनी पूजा ठेवली होती आणि वार्ताहरांना बोलावले होते. बॉयलरवर कुंकवाचे स्वस्तिक काढलेले होते, झेंडूच्या माळा घातल्या होत्या, दाबमापकाच्या काचेवर कुणीतरी हळदीचे बोट ओढले होते. मालक पीतांबर नेसून पाटावर बसले होते. समोर दिनकरभट. अग्नीची सूक्ते, मग पुरुषसूक्त, मग पाण्याला आई म्हणणारे सूक्त. पंजा वर-खाली फिरत होता. कारखान्याचे पाणी मागच्या दाराने नाल्यात चालले होते आणि पुढच्या दाराशी पाण्याची स्तुती चालली होती. कामगार दोरीच्या पलीकडे उभे होते.

“पंडितजी का कैसेट लंबा है आज,” एक जण म्हणाला.

“लंबा है तो परसाद भी बड़ा होगा,” दुसरा म्हणाला. “चुप रह.”

त्यांच्यात नवापूरचा जयवंत होता. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा गावातली तरुण मुले वसाहतीत कंत्राटावर जात. जयवंत पिवळ्या रंगाच्या पावडरीची पिंपे भरत असे. कोपरापर्यंत त्याचे हात पिवळे झाले होते आणि तो रंग धुऊन जात नसे. जेवताना भातालाही रंग लागे. त्याला या कामातून सुटायचे होते. वडील त्याच्या लहानपणीच गेले होते आणि थोरला भाऊ दामू आदल्या वर्षी गेला. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच वादळात त्याची होडी उलटली. बरोबरचे दोघे पोहून किनाऱ्याला लागले, दामू लागला नाही. होडी मात्र दुसऱ्या दिवशी सापडली. ती दुरुस्त करून घरातल्यांनी पुन्हा उभी केली होती. या पौर्णिमेला जयवंत ती घेऊन निघणार होता.

बॉयलरची पूजा पाहून तो घरी गेला आणि आईला त्याने जे पाहिले ते सांगितले. त्या घरात त्या दिवशी काय बोलणे झाले, ते त्याच्या बहिणीने, सुनंदाने, पुढे सांगितले. सुनंदा पालघरच्या कॉलेजात संस्कृत घेऊन बी. ए. करत होती. संस्कृतात गुण भरपूर मिळतात, म्हणून तिने तो विषय घेतला होता.

चुलीवर सुके बोंबील भाजत होते. त्यांची आई जानकीबाई ते उलटत होती. सुकी मासळी टोपलीत घेऊन ती वाणगावच्या बाजारात बसत असे आणि बाजारभर तिच्या तोंडाला सगळे वचकून असत.

“आये, तिथं भटजी येगळंच बोलत हुते,” जयवंत म्हणाला. “हात असा वर, असा खाली. संपंचना. आपल्याकडं येतात तवा सायकल टेकवली की मंत्र, मंत्र आटपला की सायकल.”

“येगळं म्हंजे कसं?”

“म्हंजे... भारी.”

जानकीबाईने सुनंदाकडे पाहिले. सुनंदाने समजावून सांगितले: एक वेदोक्त, एक पुराणोक्त. तिथे एक, इथे दुसरे. कॉलेजात आल्यावरच तिला हे कळले होते आणि घरी बोलावे असे तिला कधी वाटले नव्हते.

“म्हंजे बॉयलरला चांगला मंत्र, आनि माझ्या दामूच्या होडीला हलका?”

“हलका नाय गं आये. दुसरा.”

“दुसरा म्हंजेच हलका. मला नको शिकवू. मासळीत पयला वाटा नि दुसरा वाटा काय असतो ते मला ठावं हाय.”

एक बोंबील जळला, तो तिने उचलून मांजराला टाकला. आणि म्हणाली, “तो मंत्र होडीवर पडल्याबिगर जयवंता तिच्यात पाय ठेवनार नाय. ऱ्हाऊ दे त्याला पिवळा.”

जयवंत चिडला. म्हणाला, “भटजी नाय म्हनंल तर मी जलमभर पिंपं भरू?”

“भर. पिवळा तर पिवळा, दारात तरी दिसशील.”

बाहेरच्या कुणालाही या बाईचे चुकत होते हे सांगता आले असते. मंत्राने होडी तरत नाही. वादळाला वेदोक्त आणि पुराणोक्त यातला फरक कळत नाही. वेदोक्त मंत्र झालेले बॉयलर पुढे फुटलेही आहेत. पण हे तिला कुणी सांगायचे? ज्यांनी मंत्राला बळ असते असे तिच्या आजे-पणजांना सांगितले, त्यांनी? मंत्रावर विश्वास ठेवायला लावायचे, आणि मग त्यातला उणा तिच्या पदरात घालायचा. वर्षभर तिचे दुःख कुणाला दोष द्यावा हे शोधत होते. आता त्याला जागा सापडली होती, आणि ती जागा तिने खोदली नव्हती. ती आधीपासून खोदून, वरून झाकून ठेवलेली होती.

त्या आठवड्यात सुनंदाने आईला आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या अभ्यासक्रमात वरुणाची सूक्ते होती. वरुण म्हणजे पाण्याचा देव, आमच्या परीक्षेत येतो, असे ती म्हणाली. इथेही थांबून पाहण्यासारखे आहे. विद्यापीठाच्या परीक्षेपुरता वेद तिला खुला होता. त्यावर तिला प्रश्न विचारता येत होते, ती चुकली तर गुण कापता येत होते. तिच्या भावाच्या होडीवर तेच शब्द म्हणायला मात्र तिच्या घराचा अधिकार पोचत नव्हता.

जानकीबाई म्हणाली, “वाच. काय हाय त्यात?”

सुनंदाने वाचले आणि आपल्या बोलीत अर्थ सांगितला. तो सगळं बघतो. पाखरं कुठनं उडतात ते त्याला ठावं. दर्यात होडी कुठनं जाते ते ठावं. म्हननारा त्याला इचारतो, माझं काय चुकलं? तू माझ्यावर का रुसलास? चुकलं असंल तर सोड मला, मारू नको.

जानकीबाई ऐकत होती. शेवटी तिने विचारले, “आनि?”

“आनि काय? असंच हाय.”

“येवढंच?” ती म्हणाली. “हे तर दामू गेल्यापास्नं मी रोज बोलते त्याच्याशी. ह्यात लपवून ठेवन्यासारखं काय हाय?”

लपवून ठेवण्यासारखे त्यात काहीच नव्हते. समुद्राकडे तोंड करून माणूस जे बोलतो तेच कुणीतरी फार पूर्वी बोलले होते, आणि चांगले बोलले होते. बहुतेक त्यालाही कुणीतरी परत हवे होते. त्याचे बोलणे जपून ठेवले हे उपकार. जपणाऱ्यांनी भोवती कुंपण घातले, आणि मग कुंपणालाच पवित्र म्हटले. आतल्या माणसाचे काय, हा विचार कुणी केला नाही. आणि बाहेर तसाच एक माणूस तेच बोलत उभा होता, त्याची चौकशी तर करायचीच नव्हती.

श्रावणी पौर्णिमेला दोन गोष्टी उघडतात. किनाऱ्यावर समुद्र उघडतो. नारळ देऊन होड्या पाण्यात जातात. त्याच दिवशी ब्राह्मण घरांत श्रावणी असते; जुने जानवे काढून नवे घालतात आणि वेदाच्या अध्ययनाला नव्याने आरंभ करतात. एकच चंद्र, दोन दरवाजे. समुद्राने आपल्या दारात कधी कुणाला जात विचारली नाही. घेतानाही नाही.

त्या वर्षी आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. पौर्णिमेला आभाळ कोरडे होते, वारा अंगाला मीठ लावत होता. नवापूरच्या किनाऱ्यावर होड्यांना पताका लावल्या होत्या, पुढच्या टोकांवर नव्या रंगाचे डोळे काढले होते. बायका हिरव्या-लाल लुगड्यांत, केसांत अबोली. मुलांची पळापळ, कुत्र्यांची पळापळ. दिनकरभट दुपारी आले. श्रावणी आटपून आल्यामुळे अंगावरचे जानवे कोरे, पांढरेशुभ्र होते. त्यांनी सायकल एका झापांच्या खोपीला टेकवली, पाय धुतले आणि एकेका होडीसमोर पूजा सांगत पुढे निघाले. प्रत्येक होडीला काही श्लोक, अक्षता, नारळ. काम झपाट्याने चालले होते.

दामूच्या होडीसमोर जानकीबाई उभी होती. मागे जयवंत आणि सुनंदा. होडीला पताका नव्हती.

“हं, बसा,” दिनकरभट म्हणाले. “यजमान कोण? हा ना? बस रे.”

“भटजी,” जानकीबाई म्हणाली, “बॉयलरला म्हनलात तो मंत्र म्हना.”

त्यांना आधी समजले नाही. मग समजले. त्यांनी सुनंदाकडे पाहिले, कारण हे कुठून आले असेल हे त्यांनी ओळखले.

“अगं, तो वेगळा विधी असतो. हा वेगळा. फळ दोन्हीचं सारखंच.”

“सारखंच हाय ना? मग तोच म्हना.”

“तसं नाही करता येत. त्याला अधिकार लागतो.”

“कोनाला? तुमाला का आमाला?”

“तुम्हाला.” हे बोलताना त्यांचा आवाज खाली गेला.

“बॉयलरला हुता?”

आजूबाजूला हसू फुटले. शेजारच्या होडीवरचा एक म्हातारा म्हणाला, “अगो जानके, बॉयलर मोठ्या घरचा हाय. त्याचं गोत्र इचार भटजीला.” पुन्हा हशा. दिनकरभटांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“तिथे यजमान मालक होते,” ते म्हणाले. “संकल्प मालकांचा. बॉयलरचा नाही.”

“आनि जपायचं हुतं कोनाला? मालकाला, का बॉयलरला?”

“जानके, सणाचा दिवस हाय,” गावातला कुणी वडीलधारा मागून म्हणाला. “भरती लागलीय. आटप. नको कुरबूर.”

जानकीबाई त्याच्याकडे वळली नाही. ती भटजींच्या अगदी जवळ गेली. एरवी त्यांच्यापासून राखायचे अंतर तिने राखले नाही. आणि बाजारातला आवाज सोडून, साध्या, कोरड्या आवाजात तिने विचारले:

“मला येक सांगा. त्या मंत्रात नि ह्या मंत्रात फरक हाय का नाय? हाय म्हनलात, तर माझा दामू तुमच्या हलक्या मंत्रानं गेला. नाय म्हनलात, तर तो म्हनायला तुमची जीभ का अडते? येक कायतरी बोला. मी आयकून घेईन.”

किनाऱ्यावरचे हसणे थांबले. दिनकरभटांच्या हातातल्या अक्षता ओल्या झाल्या असाव्यात, कारण त्या बोटांना चिकटून राहिल्या होत्या. त्यांच्या जागी कुणी काय बोलावे? फरक आहे म्हणावे तर एका आईसमोर कबूल करावे लागते की आम्ही तुला जाणूनबुजून कमी दिले. फरक नाही म्हणावे तर लहानपणापासून घसा फोडून जे मिळवले त्याची किंमत शून्य होते. त्यांनी हा पेच निर्माण केला नव्हता. ज्यांनी केला ते कधी नवापूरच्या वाळूत उभे राहिले नाहीत. पण वर्षानुवर्षे त्यांच्या वतीने सायकल मारणारा माणूस दिनकरभट होता, आणि त्या दिवशी प्रश्न त्यांच्याच तोंडासमोर होता.

“पद्धत आहे,” ते शेवटी म्हणाले. “आमच्या आधीपासूनची. मी एकटा नाही मोडू शकत.”

“नका मोडू,” जानकीबाई म्हणाली.

तिने त्यांच्यापुढच्या ताम्हनातला नारळ उचलला. जयवंतला म्हणाली, “पताका लाव.” तो गोंधळला. अट त्याच्यासाठी होती, ती मोडली की राहिली हे त्याला कळेना. “आये, मंत्र?”

“मी बोलते. तू पताका लाव.”

सुनंदाने तिचा हात धरला. हळूच म्हणाली की सूक्त मला पाठ आहे, मी म्हणू का. जानकीबाईने तिच्या गालावरून हात फिरवला आणि मान हलवली. “ते तुज्या परीक्षेला ऱ्हाऊ दे, बाय. हितं मला माझंच बोलायचं हाय.”

ती पाण्याकडे निघाली. दिनकरभट मागोमाग दोन पावले गेले. सवयीने गेले असावेत. नारळ पाण्यात सोडताना भटजीने बाजूला उभे राहून श्लोक म्हणायचा असतो. ती थांबली, वळली.

“तुमी लांब हुबं ऱ्हावा, भटजी.”

“अगं, मी...”

“हे आमच्या घरचं बोलनं हाय. तुमाला आयकायचा अधिकार नाय.”

टोमणा मारल्यासारखे ती बोलली नाही. एखादा नियम सांगावा तसे सांगितले. कुणी हसले नाही. दिनकरभट उभे राहिले, मग वळले आणि वाळूतून चालत मासळी सुकवण्याच्या बांबूंच्या पलीकडे गेले, जिथे लाटांचा आवाज जास्त आणि माणसांचा कमी ऐकू येतो. तिची नजर बातमीसाठी आलेल्या वार्ताहराकडे फिरली.

“पेपरवाल्यांनी पन.”

तेव्हा ती समुद्राशी काय बोलली, ते या लेखात नाही. ते ऐकू आले नाही. जे दिसले तेवढे असे: कमरेपर्यंत पाणी, डोक्यावरचा पदर मागे पडलेला, दोन्ही हातांत नारळ. दोन्ही बाजूंना तिची मुले. ती बराच वेळ बोलत होती. मध्ये एकदा तिने नारळाचा हात उगारल्यासारखा वर केला. एकदा तिची मान खाली गेली आणि पुष्कळ वेळ तशीच राहिली. जयवंत तोंड फिरवून क्षितिजाकडे पाहत होता. मग तिने नारळ सोडला. लाटेने तो आधी किनाऱ्याकडे ढकलला, मग आत ओढून घेतला. माणसांनी खांदे लावले, हाकारा झाला, होडी वाळूवरून घसरली आणि पाण्यावर उचलली गेली. जयवंत चढला. पिवळे हात सुकाणूवर ठेवून तो उभा राहिला. जानकीबाई पाण्यातून बाहेर आली ती कुणाकडेही न पाहता थेट घरी गेली.

जानकीबाईची हकीकत दोन परिच्छेदांत लिहून मुंबईला पाठवली होती. छापून आले ते असे: नवापूर येथे नारळी पौर्णिमा उत्साहात साजरी.

त्या संध्याकाळी नवापूरहून परतताना बोईसरच्या एस. टी.ला उशीर होता. दिनकरभट सायकल हातात धरून थांब्यापर्यंत चालत आले. त्या दिवशी उरलेल्या होड्यांपुढे त्यांनी पूजा सांगितली नव्हती. लोकांनी बोलावलेही नव्हते. वसाहतीच्या दिशेने धुराची एक जाड रेघ आभाळात गेलेली दिसत होती. एस. टी. वळणावर दिसली तेव्हा त्यांनी सायकल स्टँडवर लावली, इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले,

“तुम्ही जरा जवळ होतात. काय म्हणत होती हो ती?”

ऐकू आले नाही, असे सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. गाडी सुटली तेव्हाही ते खिडकीशी येऊन उभे होते.

“निदान सुरुवात तरी? सुरुवात कशी केली तिने?”